नाव सापडेना

स्वप्ना होवाळनं कुपवाडच्या एमआयडीसीच्या तोंडाला ई-मेलचं दुकान काढलं, तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं होतं, "लोक इथं येऊन करणार काय?" मिरजेच्या एसटी डेपोत इंजिनं उघडण्यात जन्म गेलेल्या सोपानरावांचा प्रश्न रास्त होता आणि स्वप्नाला तेव्हा त्याचं धड उत्तर देता आलं नव्हतं. पण वर्ष-दीड वर्षात लोक यायला लागले. व्हॉल्व्ह बनवणारे आले, पंपाचे भाग ओतणारे आले, अमेरिकेतल्या भावाला 'इकडे सर्व ठीक' एवढंच कळवायला येणारे आले. हाताला ग्रीस लागलेले कारखानदार पँटला बोटं पुसून खुर्चीत बसायचे आणि एकेक अक्षर शोधत टाइप करायचे.

दुकानात गिऱ्हाइकांसाठी तीन मशीनं होती. चौथं मागच्या कोपऱ्यात, झाकण काढून ठेवलेलं, टेबलफॅनच्या वाऱ्यात. फोन लावून इंटरनेटला जोडायचं काम या चौथ्याचं. बाकीची तिघं जे मागायची ते बाहेरून आणून द्यायचं कामही त्याचंच. दुकानात त्याला सगळे 'थोरलं' म्हणत. बाकीच्या तिघांवर विंडोज होतं, थोरल्यावर लिनक्स चालायचं. ते फुकट मिळतं आणि महिनोन्महिने बंद पडत नाही, या दोन गुणांवर स्वप्नाच्या धाकट्या भावानं, महेंद्रनं, ते तिथं बसवलं होतं.

महेंद्र साताऱ्याला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तो लिनक्सच्या नव्या आवृत्तीची सीडी घेऊन आला. स्वप्ना म्हणाली, "चालतंय ते चालू दे की." त्यावर त्यानं नव्या आवृत्तीचे गुण असे काही सांगितले, की जुन्या थोरल्याची तिला लाजच वाटावी. दुपारभर तो त्याच्यापुढं बसला. मध्ये मशीन काहीबाही विचारायचं, हा न वाचता 'हो' म्हणायचा. शेवटी फोन लावून त्यानं बाहेरच्या दोन मशीनना हाका मारून पाहिल्या. उत्तरं आली. "अक्का, झालं बघ. आता नुसतं पळतंय," असं म्हणून त्यानं सातारची गाडी पकडली.

शुक्रवारी संध्याकाळी कुणी गिऱ्हाईक फिरकलं नाही आणि शनिवारी एमआयडीसीची वीजच नव्हती. त्यामुळं थोरलं पळतंय की नाही हे पाहायची वेळ रविवारी सकाळी आली. तीही सुभेदार लालासाहेब आणि त्यांची मुलगी साक्षी दुकानाच्या पायरीवर उभी असताना.

लालासाहेब साताऱ्याजवळच्या कोरेगावकडचे. फौजेत बिनतारी संदेशाच्या पलटणीत नोकरी करून निवृत्त झालेले, आता उसाचे बागायतदार. त्यांचा मुलगा पृथ्वीराजही फौजेत, आणि सध्या शांतिसेनेबरोबर थेट लेबनॉनला. पृथ्वीराजची सासुरवाडी बुधगावची. जाण्याआधी बायकोला माहेरी सोडायला आला होता, तेव्हा त्यानं स्वप्नाच्या दुकानात बसून एका फुकटच्या साईटवर घरच्यांसाठी ई-मेलची पेटी उघडली होती आणि तिची चावी, म्हणजे पासवर्ड, बहिणीला सांगून ठेवला होता. पुढं बुधगावला त्याला मुलगी झाली. आज तिचं बारसं होतं.

"नाव आलं का बघायचंय," साक्षी म्हणाली. ती बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. बारशाचा जरीकाठी परकर-पोलका आणि त्यावर वडिलांचा स्वेटर असा तिचा अवतार होता.

"कुणाचं नाव?"

"बाळाचं! दादा लेबनॉनवरनं पाठवणाराय. शनिवारी त्याला तिथल्या कॉम्प्युटरवर बसायला मिळतं."

लालासाहेबांनी खुर्ची ओढली आणि दुकानात कुणी चौथं नाही ना याची खात्री करून आवाज खाली आणला. "त्याचं असं हाय म्याडम. आमच्या मंडळींना पोरीचं नाव मैनाबाई ठेवायचंय. माझ्या आईचं. आमचं व्याही हंबीरराव म्हणत्यात राजलक्ष्मी. परवापास्नं दोघंबी मागं हटंनात. काल तर जेवायच्या पंगतीत बोलणं बंद झालं. मग मीच तोड काढली. म्हणलं, पोरीचा बाप जिता हाय, कर्ता हाय, त्यो पाठवंल ते नाव. दोन्ही पार्ट्या तेवढ्यावर गप बसल्यात."

"आणि पाळणा कधी?"

"दुपारी."

स्वप्नानं थोरल्याला फोन लावायला सांगितलं. मॉडेमनं नेहमीसारखी शिट्टी मारली, घसा खरवडला आणि ते कोल्हापूरच्या इंटरनेट केंद्राला जोडलं गेलं. तिनं पुढच्या मशीनवर साईटचं नाव टाइप केलं. थोडा वेळ पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरलं आणि मग पाटी आली. या नावाचं मशीन सापडत नाही.

तिनं पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. दुसरी साईट घातली, तिसरी घातली. कुठलंच नाव त्याला सापडेना.

"काय म्हणतंय?" लालासाहेबांनी विचारलं.

"म्हणतंय, नाव सापडत नाही."

"म्हंजे पोराला सुचलं न्हाई?"

"नाही हो काका, ते नाव नाही. साईटचं नाव." स्वप्ना उठून थोरल्यापाशी गेली. साईट बंद असेल तर एक बंद असेल; सगळ्या कशा असतील? आणि शुक्रवारी सकाळपर्यंत सगळं नीट चालत होतं.

गावात ई-मेलचं आणखी एक दुकान होतं, पण ते रविवारी उघडत नसे. मॉडेम काढून विंडोजच्या मशीनमध्ये घालावं म्हटलं, तर ते थोरल्याच्या पोटात स्क्रूनं बसवलेलं होतं आणि ते विंडोजवर चालवायला लागणारी फ्लॉपी महेंद्रकडं साताऱ्यात. एकच मार्ग उरला. महेंद्रलाच धरायचं. पण दुकानाच्या फोनच्या तारेवर मॉडेम बसलं होतं. ते उठवलं तर थोरल्याची जोडणी तुटणार आणि तपासायला काही राहणार नाही.

"तुम्ही बसा. मी आलेच," म्हणून ती शेजारच्या नानासोच्या एसटीडी बूथमध्ये शिरली.

महेंद्रचा फोन म्हणजे त्याच्या घरमालकांचा फोन. घरमालकीणबाईंनी आधी तब्येत विचारली, मग सांगितलं की महेंद्र गच्चीवर कपडे वाळत घालतोय. हाकांचे आवाज जिन्यावरून वर गेले. बऱ्याच वेळानं महेंद्र आला.

"म्हेंद्या, काय करून ठेवलंयस तू?"

"काय झालं?"

"नावं सापडंनात त्याला. एकपण."

"मी तपासलं होतं की अक्का. नंबरावर पिंग मारून बघ, मग सांग."

पिंग मारणं म्हणजे दुसऱ्या मशीनला 'आहेस का रे' म्हणून हाक मारणं. स्वप्ना दुकानात पळाली, आकडे टाकून हाक मारली. पलीकडून 'आहे, आहे, आहे' अशी उत्तरं लागोपाठ आली. मग तिनं त्याच मशीनला नावानं हाक मारली. थोरलं म्हणालं, असलं कुणी ठाऊक नाही.

लालासाहेब आता तिच्या खुर्चीमागं हाताची घडी घालून उभे होते. "नक्की भानगड काय हाय ती सांगा तर खरं. आमी सिग्नलवालं हाय. अगदीच अडाणी न्हाई."

स्वप्नानं सांगितलं, "काका, इंटरनेटवर प्रत्येक मशीनला एक नंबर असतो. माणसांना नंबर लक्षात राहत नाहीत म्हणून नावं ठेवलीत. आपण नाव टाइप केलं की हे थोरलं कोल्हापूरच्या एका मशीनला विचारतं, या नावाचा नंबर काय. ते सांगतं. मग हे त्या नंबरावर जातं."

"एक्स्चेंज!" लालासाहेबांचे डोळे चमकले. "आमच्याकडं फील्ड एक्स्चेंजवर असंच. साहेब म्हणायचा, ब्रिगेड द्या. आपून नंबर काढून खुट्टी घालायची. मंग आता एक्स्चेंजवाला झोपलाय का लाईन तुटलीय?"

"तेच बघायचंय."

"जावा, विचारून या."

ती पुन्हा बूथकडं गेली तर नानासोनं महेंद्रला लाईनवर तसंच धरून ठेवलं होतं आणि त्याच्याकडं साताऱ्यातल्या थंडीची चौकशी चालवली होती. महेंद्र म्हणाला, कोल्हापूरच्या मशीनचा पत्ता ज्या फाईलीत लिहिलेला असतो ती बघ. ती परत दुकानात गेली. पत्ता बरोबर होता. परत बूथ. महेंद्र म्हणाला, आता कोल्हापूरला थेट विचार. परत दुकान. त्यासाठी वेगळी कमांड होती. तिनं ती दिली, साईटचं नाव घातलं, आणि थोरल्यानं एका झटक्यात नंबर सांगितला.

स्वप्ना पडद्याकडं बघत राहिली. थेट विचारलं तर सांगतंय. एक्स्चेंजवाला जागा होता, लाईनही नीट होती. आणि पुढच्याच क्षणी त्याच नावाला पिंग मारलं, तर असलं कुणी ठाऊक नाही!

"हे बेणं नाटक करतंय," लालासाहेब म्हणाले.

तिच्या धावण्यानं वेळ जात होता, म्हणून त्यांनी फौजी बंदोबस्त केला. स्वप्नानं थोरल्यापुढून हलायचं नाही. नानासोनं रिसीव्हर कानाला लावायचा. आपण स्वतः बूथच्या दारात. साक्षीनं दुकानाच्या पायरीवर. महेंद्र बोलला की नानासोनं ते लालासाहेबांना सांगायचं, त्यांनी साक्षीला, साक्षीनं स्वप्नाला. उत्तर उलट्या वाटेनं. "बेस्ट लाईन हाय," ते म्हणाले. "ह्यात बिघाड व्हायचा प्रश्नच न्हाई."

पहिला निरोप लगेच आला. साक्षी म्हणाली, "हॉस्टेलची फाईल बघा म्हणतोय."

"कसलं हॉस्टेल?"

प्रश्न बूथपर्यंत गेला. तिकडं जरा चर्चा झाली. उत्तर आलं, "नानासो म्हणत्यात, ऐकलं तसं सांगितलं. मुलींचं का मुलांचं ते त्यानं सांगितलं न्हाई."

स्वप्नाला हसू आवरेना. होस्ट्स फाईल! थोरल्याच्या स्वतःच्या घरातली यादी. हातानं नाव आणि नंबर लिहून ठेवायची. आणि त्यात एक आशा होती. नंबर तर तिला मिळालाच होता. तिनं ती फाईल उघडली, साईटचं नाव आणि नंबर एका ओळीत लिहिला आणि पुढच्या मशीनवर साईट उघडायला सांगितली.

साईट उघडली. वर रंगीत पट्टी, खाली नाव आणि पासवर्डाचे चौकोन. साक्षीनं टाळी वाजवली. लालासाहेब बूथच्या दारातून ओरडले, "नानासो, फत्ते!" नानासोनं ते साताऱ्याला कळवलं. बूथबाहेर फोनसाठी थांबलेल्या दोन-तीन माणसांनी उगाचच एकमेकांना टाळ्या दिल्या.

साक्षीनं वाकून पासवर्ड घातला आणि बटण दाबलं. साईटनं आत घ्यायच्या जागी तिला दुसऱ्याच नावाच्या मशीनकडं पाठवलं, आणि पडद्यावर पुन्हा तीच पाटी.

"आता?"

"आता त्याचाही नंबर काढते." स्वप्नानं कोल्हापूरला विचारलं, नंबर काढला, यादीत लिहिला. एक पाऊल पुढं. तिथून तिसऱ्या नावाकडं पाठवणी झाली. तोही लिहिला. तिथून चौथं.

"अशी किती मशीनं हायत त्यांची?" लालासाहेब आत आले.

"काय माहीत काका. मोठी साईट आहे."

"आपल्याला पाळण्यापातूर जायचंय. सगळ्या दुनियेचं नाव-गाव लिहीत बसायला येळ न्हाई."

बरोबर होतं ते. स्वप्नानं हात कीबोर्डवरून काढले. फॅनच्या वाऱ्यानं केस तोंडावर येत होते ते मागं सारले. वडील बिघडलेल्या इंजिनापुढं असेच गप्प बसायचे. शेजारचा फिटर पान्यावर पाना चालवायचा आणि हे नुसते बघत राहायचे. लहानपणी डबा घेऊन डेपोत गेली की तिला वाटायचं, बाबांना येत नाही वाटतं.

ती मोठ्यानं बोलू लागली. "मी घरच्या यादीत लिहिलं की ह्याला कळतंय. म्हणजे यादी हा वाचतोय. यादीत नसलं की म्हणतोय ठाऊक नाही. बाहेर विचारायला जातच नाही. मी जा म्हटलं तर जातो, पण आपण होऊन जात नाही."

"आळशी झालाय," साक्षी म्हणाली.

"नाही गं, मशीनला कुठला आळस. ह्याला कुणीतरी सांगितलंच नसणार बाहेर विचार म्हणून. आधी घरात बघ, मग बाहेर विचार, हे कुठंतरी लिहिलेलं असणार ना? नवी आवृत्ती टाकताना ते गेलं. ते कुठं लिहितात?" तिला ते आठवेना. "साक्षी, महेंद्रला विचार, नाव आधी कुठं शोधायचं न् मग कुठं, ते कुठल्या फाईलीत लिहितात?"

साक्षीनं वडिलांना सांगितलं, ते बूथच्या दारात गेले, नानासोला सांगितलं. तिकडं साताऱ्यात बहुतेक महेंद्रच्याही डोक्यात एव्हाना तेच आलं असावं, कारण उत्तर फार लवकर आलं. लालासाहेब स्वतःच दुकानात शिरले, सरळ भिंतीपाशी गेले आणि मोठ्या बटणावर हात ठेवला.

"आबा! काय करताय?" साक्षीनं त्यांचा हात धरला.

"आगं स्विच बघ म्हणतोय त्यो. येनेसचं स्विच. कुठलं येनेसचं हाय म्याडम? हे का?"

"हात काढा काका, हात काढा!" स्वप्ना खुर्चीतून अर्धी उठली. आणि तशीच थांबली. "काय म्हणाला? एनएसचं स्विच?"

"व्हय. तीनदा म्हणाला."

"एनएस-स्विच! फाईलचं नाव आहे ते!"

तिनं फाईल उघडली. आत ओळीच ओळी होत्या. कोणती माहिती कुठं शोधायची, आधी कुठं, मग कुठं. ती वरून बोट फिरवत खाली आली. 'होस्ट्स' या शब्दापुढं एकच शब्द होता, 'फाइल्स'. घरच्या यादीत बघ. बस. पुढं काहीच नाही. जुनी फाईल नव्या आवृत्तीनं नावाला शेपूट लावून शेजारीच ठेवली होती. तिनं तीही उघडली. तिथं 'फाइल्स'च्या पुढं 'डीएनएस' होतं. बाहेर जाऊन विचार, असा त्याचा अर्थ. शुक्रवारी मशीननं 'जुनी ठेवू का नवी घालू' असं विचारलं असणार आणि महेंद्रनं न वाचता 'हो' म्हटलं असणार.

"एवढंच?" साक्षी तिच्या खांद्यावरून बघत म्हणाली.

"एवढंच."

तिनं तो शब्द घातला, फाईल बंद केली, थोरल्यावरून नावानं हाक मारली. पलीकडून उत्तर आलं. आहे. लालासाहेबांनी थोरल्याच्या उघड्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, पण आतल्या तारा बघून तो खाली घेतला.

पुढच्या मशीनवर मात्र अजून तीच पाटी होती. लालासाहेबांचा चेहरा पडला. स्वप्नाचाही, पण क्षणभरच. साईटी आणून द्यायचं काम करणारा थोरल्यावरचा प्रोग्राम सकाळपासून चालू होता आणि त्यानं सकाळचीच फाईल वाचून ठेवली होती. तिनं तो बंद करून पुन्हा चालू केला.

पेटी उघडली. आत एकच नवं पत्र होतं.

पृथ्वीराजनं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिली होती. ती साक्षी आधी अडखळत, मग भराभर वाचू लागली.

"आबा, आई, सर्वांना नमस्कार. मी इथं मजेत आहे. थंडी आपल्यापेक्षा जास्त आहे. जैतुनाची झाडं लय आहेत, आबांना बघायला आवडली असती. नावाचा लय विचार केला. तुकडीत सगळ्यांना विचारलं. सरदारजी एक म्हणतो, मद्रासी एक म्हणतो, स्वयंपाकी तर रोज नवं नाव सांगतो. मला काही सुचत नाही. नाव ठेवायचा मान आत्याचा असतो. साक्षी, तू ठेव. तू ठेवशील ते मला पसंत. फक्त मैनाबाई नको. आजीचे डोळे आठवले की मला अजून भीती वाटते. राजलक्ष्मी पण नको, आमच्या शाळेत मारक्या बाई होत्या त्यांचं नाव. बाळाला..." पुढचं तिनं मनातच वाचलं आणि नाकाला पदर नव्हता म्हणून स्वेटरची बाही लावली.

बूथवरून नानासोची हाक आली, "काय नाव आलं वो? सातारकर इचारत्यात!"

"सांगतो!" लालासाहेब ओरडले आणि कपाळ धरून खुर्चीत बसले. "मेलो. बापानं नाव पाठवलं न्हाई म्हणून कळलं की संपलं. तुझी आई न् हंबीरराव पाळण्याच्या दोन बाजू धरून ओढत बसतील."

"पण दादानं मला सांगितलंय की."

"तू सांगितलंस तर कोण ऐकणार गं? तू कालची पोरगी." त्यांची नजर थोरल्यावर गेली. मग उठले. आवाज बदलला. "हे बघ. नाव लेबनॉनवरनं आलंय. कुठलं आलंय ते तू वाटंत ठरव. म्याडम, तुमी आमच्यासंगं चला."

"मी कशाला?"

"साक्षीदार नको? आन् एवढं केलंसा, जेवल्याबिगर कशा ऱ्हाल?"

स्वप्नानं थोरल्याची लाईन तोडली, दुकानाला कुलूप घातलं. बूथमध्ये डोकावून महेंद्रला एवढंच म्हणाली, "सापडलं. संध्याकाळी तुझ्याशी बोलते," आणि त्यानं 'काय होतं' विचारायच्या आत फोन ठेवला. साताऱ्यात तो दिवसभर तळमळणार होता, आणि तिला त्यात काहीच वाईट वाटत नव्हतं.

लालासाहेबांची स्कूटर पुढं आणि स्वप्नाची लुना मागं, अशी वरात माधवनगरच्या रस्त्यानं निघाली. मागं बसलेली साक्षी वडिलांच्या कानाशी ओरडून एकेक नाव सांगत होती आणि लालासाहेब हेल्मेट नसलेलं डोकं जोरजोरात हलवत होते. वाऱ्यावर तुकडे मागं यायचे. "...नंदिनी?" मान हलली. "...पल्लवी?" "आपल्या म्हशीचं नाव हाय!" "...ते नंदिनी होतं आबा!" बुधगावच्या फाट्यावर रेल्वेचं फाटक बंद होतं. तिथं दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या. साक्षी वळून स्वप्नाला म्हणाली, "तुमी सांगा की एखादं."

"मी नाही बाई. तुझ्या भावानं तुला सांगितलंय."

साक्षीनं ओठ दाबून विचार केला. मालगाडी डब्यामागून डबे नेत होती. शेवटचा डबा गेला तशी ती म्हणाली, "गार्गी."

लालासाहेबांनी ते तोंडात घोळवलं. गार्गी. त्यांनी किक मारली. "चालंल. पर ठासून सांग. पत्रात वाचल्यासारखं."

हंबीररावांच्या अंगणात मांडव होता, पाळण्याला झेंडू बांधलेले होते आणि मांडवाच्या दोन टोकांना दोन पार्ट्या बसल्या होत्या. साताऱ्याकडच्या बायकांत मधोमध मनुबाई, साक्षीची आई. नाकात नथ, कपाळावर आठ्या. नव्या माणसाला बघून त्यांनी स्वप्नाला शेजारी जागा दिली.

बायकांनी पाळणा म्हटला. साक्षीनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं, 'कुर्रर्र' केलं, आणि मग मान वर करून मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात नाव सांगितलं. तिच्या पाठीवर रीतीप्रमाणं धपाटे बसले. दोनेक धपाटे जरा मनापासूनचे होते.

"गार्गी?" हंबीरराव म्हणाले. "राजलक्ष्मी न्हाई म्हणायचं?"

"न्हाई. न् मैनाबाईबी न्हाई," लालासाहेब घाईनं म्हणाले. दोघंही हरले होते, त्यामुळं कुणाला दुसऱ्याकडं बघून मिशीला पीळ भरता येईना. हंबीररावांनी पेढ्याचं ताट उचललं आणि आधी विहीणबाईंपुढं धरलं. मनुबाईंनी पेढा घेतला.

पेढा हातात धरूनच त्या स्वप्नाकडं वळल्या. "तू कॉम्प्युटरवाली न्हवं?"

"हो मावशी."

"हे नाव तिकडचं न्हवं ना? लेबनॉनचं?"

"नाही, नाही. आपलंच आहे. जुनं आहे खूप."

"बरं हाय मग." मनुबाईंनी लेकीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. नवरा मांडवाच्या छताकडं बघत होता. त्यांनी आवाज उतरवला. "आन् माझ्या प्रुथ्वीनं खरंच असंच सांगितलं? तू वाचलंस?"

स्वप्नाच्या हातातला पेढा तोंडाच्या वाटेवर थांबला. पलीकडं साक्षीचा चेहरा पांढरा पडला होता. खोटं बोलायचं स्वप्नाच्या जिवावर आलं होतं, आणि खरं बोललं तर पाळण्याची ओढाताण व्हायची.

"वाचलं की," ती म्हणाली. "तुमच्या मुलानं पत्रात जसं करा म्हणून सांगितलंय, अगदी तसंच केलंय ह्यांनी. एक शब्दाचा फरक नाही."

मनुबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग गालात हसल्या. "हुशार हायस," म्हणाल्या, आणि पेढा तोंडात टाकला. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे स्वप्नाला पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही.

पंगत बसली. लालासाहेब वाढता वाढता सकाळची हकीकत सांगत होते. पहिल्या ओळीत सांगताना लेबनॉनचं एक्स्चेंज बंद पडलं होतं. दुसऱ्या ओळीत जाईपर्यंत ते शत्रूनं पाडलं होतं आणि लालासाहेबांनी पायरीवर लाईन टाकून ते पुन्हा उभं केलं होतं. "शेवटाला काय निघालं ठाव हाय? एक शब्द! एक शब्द न्हवता फाईलीत!" लोक माना डोलवत होते आणि मागच्या ओळीतून स्वप्नाकडं बोटं दाखवून काही बोलत होते.

ती हात धुऊन निघायच्या बेतात होती तेव्हा हंबीरराव लगबगीनं पुढं आले. मघापासून त्यांच्या मनात काहीतरी घोळत असावं.

"म्याडम, तुमचा येळ घेऊ नये, पर आता तुमीच हायसा तर... आमच्या टीव्हीला चार दिस झालं आवाज येतोय, चितार न्हाई."

"काका, मला टीव्हीतलं काही कळत नाही हो."

"आवं, नुसतं बघा तरी. एक शब्द इकडं तिकडं झाला आसंल."

स्वप्नानं लालासाहेबांकडं मदतीसाठी पाहिलं. ते जिलबीचं ताट घेऊन तिसऱ्या ओळीत पोचले होते. मग ती चप्पल बाजूला काढून हंबीररावांच्या मागोमाग घरात गेली, टीव्ही लावून ऐकला, आणि थोड्या वेळानं साक्षीला खिडकीशी उभी करून स्वतः माळवदावर चढली. अँटेनाच्या काठीवर एक कावळा निवांत बसला होता. तिनं त्याला हाकललं, काठी थोडी मिरजेकडं वळवली आणि खाली विचारलं, "आता?"

"मुंग्या!" साक्षी खालून ओरडली.

"आणि आता?"